माहितीचे दुवे आणि त्यांची मालकी

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



१९८९ साली जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली या ब्रिटिश संगणकतज्ज्ञांनी वरिष्ठांपुढे एक प्रस्ताव ठेवला. संस्थेत देशोदेशीचे संशोधक येत, काही वर्षांनी निघून जात, आणि त्यांच्याबरोबर माहितीही हरवे. कोणते टिपण कोणत्या संगणकात आहे याचा पत्ता लागत नसे. एका कागदातून दुसऱ्या कागदाकडे नेणारे दुवे असावेत, हा त्या प्रस्तावाचा गाभा होता. त्यातून वेब जन्मास आले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबची आज्ञावली मोबदला न घेता सर्वांसाठी खुली केली. ही तारीख ध्यानात ठेवावी. पुढील विवेचनात तिचे काम आहे.

परंतु हे जाल कागदांचे जाल होते. दुवा एवढेच सांगे की या पानाचा त्या पानाशी काही संबंध आहे. संबंध कोणता, हे वाचणाऱ्या माणसाने उमजून घ्यायचे. यंत्राच्या लेखी ‘शाहू’ ही केवळ दोन अक्षरे. साताऱ्याचे छत्रपती शाहू १७४९ साली निवर्तले आणि कोल्हापूरच्या राजर्षी शाहूंचा जन्म १८७४ सालचा, हे मराठी शाळकरी मूलही जाणते. यंत्राला ते कळावे तर दोन शाहूंना दोन स्वतंत्र ओळखी हव्यात, आणि प्रत्येक दुव्यावर ‘जन्मस्थान’, ‘पिता’, ‘लेखक’ असे संबंधाचे नाव लिहिलेले हवे. अशा रीतीने विधाने लिहिण्याची एक प्रमाण पद्धती १९९९ सालीच ठरली होती.

मे २००१ मध्ये बर्नर्स-ली यांनी दोन सहकाऱ्यांसह ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात लेख लिहून ‘अर्थ जाणणाऱ्या’ वेबचे चित्र रंगविले. त्यात भावंडांच्या आजारी आईसाठी उपचाराच्या वेळा संगणकच परस्पर ठरवितात. चित्र मनोहर होते. मात्र ही सर्व माहिती नीट लावून कोण ठेवणार, याचे समाधानकारक उत्तर त्यात नव्हते. पुढची काही वर्षे ती कल्पना मुख्यतः विद्यापीठांच्या प्रबंधांतच फिरत राहिली, याचे हेच मोठे कारण. २००६ साली बर्नर्स-ली यांनी मागणी सोपी केली: प्रत्येक वस्तूला वेबवरील एक पत्ता द्या, त्या पत्त्यावर गेल्यास उपयुक्त माहिती प्रमाण स्वरूपात मिळू द्या, आणि त्या माहितीतून इतर पत्त्यांकडे दुवे ठेवा.

आता श्रमाच्या प्रश्नाकडे वळावे लागते. २००७ साली मेटावेब या अमेरिकन कंपनीने ‘फ्रीबेस’ नावाचा संग्रह खुला केला. त्यात काही माहिती यंत्राने आणली, तर काही स्वयंसेवकांनी हाताने भरली. वापर सर्वांना मोफत होता. २०१० साली गूगलने ती कंपनीच विकत घेतली. मे २०१२ मध्ये गूगलने आपला ‘नॉलेज ग्राफ’ जाहीर केला, त्याच्या पायात फ्रीबेसचेही दगड होते. त्या वेळी त्यात ५० कोटी वस्तू आणि साडेतीनशे कोटी विधाने असल्याचे सांगण्यात आले. २०१६ साली फ्रीबेस बंद झाले. नॉलेज ग्राफ चालू राहिला. त्याची मालकी कंपनीची आहे.

याच काळात, २०११ साली, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी एक सामाईक शब्दसंग्रह ठरविला आणि संकेतस्थळांच्या चालकांना आपापल्या पानांवर त्यानुसार खुणा करण्यास सांगितले. विद्यापीठांच्या आर्जवाने जे झाले नव्हते ते शोधाच्या यादीत ठळक दिसण्याच्या ओढीने झाले. बाजाराची ही शक्ती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्याचा दुसरा परिणाम असा की उत्तर शोधाच्या पानावरच मिळू लागले, आणि ज्याने ते लिहिले त्याच्या दारापर्यंत जाण्याचे वाचकाला कारण उरेना.

ऑक्टोबर २०१२ मध्ये विकिमीडियाच्या जर्मन शाखेने बर्लिनमधून ‘विकिडेटा’ सुरू केला. आरंभीच्या १३ लाख युरोंपैकी चौथा हिस्सा गूगलनेच दिला होता, ही गोष्ट लपविण्याजोगी नाही. विकिडेटातील माहितीवर कोणीही हक्क ठेवलेला नाही. म्हणून कंपन्याही ती उचलतात आणि परतफेडीचे कोणतेही बंधन त्यांच्यावर नाही. स्वयंसेवकांच्या श्रमाचा लाभ भांडवलास फुकट मिळतो, हा आक्षेप खरा आहे. पण १९९३ सालच्या निर्णयाचे बळ येथेही आहे: जे सर्वांचे म्हणून खुले झाले, ते विकत घेऊन कुलूपबंद करता येत नाही. फ्रीबेस बंद करण्याचे ठरल्यावर त्याची माहिती विकिडेटालाच देऊ करण्यात आली. तीतील बऱ्याचशा विधानांना आधार नोंदलेला नसल्याने एक भागच सामावून घेता आला.

भाषिकदृष्ट्या या रचनेचे महत्त्व मोठे आहे. विकिडेटात वस्तूची ओळख नावाने नव्हे, क्रमांकाने होते. बेळगावचा क्रमांक एकच. मराठी माणूस त्यापुढे ‘बेळगाव’ लिहितो, कन्नड माणूस ‘बेळगावी’. मराठी नाव एकदा लिहिले की त्या शहराचा उल्लेख असलेल्या प्रत्येक विधानात ते आपोआप उपलब्ध होते. ते कोणी लिहिलेच नाही, तर इंदूर वा बडोद्याच्या मराठी वाचकालाही बहुधा इंग्रजी नाव दिसते.

त्याच बेळगावचे दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘राज्य’ या रकान्यात काय लिहावे? १९५६ पर्यंत मुंबई राज्य, त्यानंतर म्हैसूर, १९७३ पासून कर्नाटक. आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा. विकिडेटात एकाच रकान्यात अनेक विधाने, प्रत्येकाचा काळ आणि आधार यांसह ठेवण्याची सोय आहे; कोणी, केव्हा, काय बदलले हेही कोणालाही तपासता येते. शोधाच्या पानावरील चौकटीत मात्र एकच राज्य झळकते, आणि ते कोणत्या विधानांतून निवडले गेले याचा हिशेब वाचकाच्या हाती दिला जात नाही.