भोंगा थांबल्यावर



रणछोडलाल छोटालाल यांनी अहमदाबादेत पहिली कापडगिरणी सुरू केली ती १८६१ साली. तेव्हा त्या शहरात रेल्वेही पोहोचली नव्हती; इंग्लंडहून आलेली यंत्रे खंभातच्या बंदरातून बैलगाड्यांनी आणावी लागली. पुढे तेथे धुराड्यांचे रान उभे राहिले आणि लोक अहमदाबादेला भारताचे मँचेस्टर म्हणू लागले.

१९१८ च्या संपात मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई होते, तर कामगारांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. गांधीजींच्या उपवासाची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या संपाच्या आधीपासून अनसूयाबेन गिरणीकामगारांच्या मुलांसाठी शाळा चालवीत होत्या, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

१९८० नंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. यंत्रमागाचे स्वस्त कापड आले, कृत्रिम धागा आला आणि अनेक मालकांनी जुनी यंत्रे बदलण्यात पैसा घातला नाही. हजारो घरांतला महिन्याचा पगार थांबला.

शहर मात्र थांबले नाही, कारण त्याची दुसरी पेरणी भरभराटीच्या काळातच झाली होती. अंबालाल यांचे पुत्र विक्रम साराभाई यांनी १९४७ साली भौतिकी संशोधन प्रयोगशाळा काढली. १९६१ साली राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि भारतीय व्यवस्थापन संस्था सुरू झाल्या. दुसरीच्या उभारणीत गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई यांचा मोठा हात होता. कॅलिको गिरणी बंद पडली. तिच्या नावाचे वस्त्रसंग्रहालय अजून उभे आहे. २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरविले ते कोटाच्या आतले जुने शहर, गिरण्यांहून कितीतरी जुन्या पोळांचे.

परंतु पंचेचाळिशीतल्या विणकराला या संस्थांच्या दारातून आत कोण घेणार? शहर सावरले, म्हणजे तोही सावरला असे होत नाही. कोणी रिक्षा धरली, कोणी हातगाडी. अनेक घरांत चूल चालली ती बाईच्या शिवणावर किंवा भाजीच्या टोपलीवर.

अशा बायकांसाठीही कोणीतरी आधीच पेरून ठेवले होते. मजूर महाजन या कामगार संघटनेच्या महिला विभागातून इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ उभी केली आणि १९७४ साली तिची बँक निघाली. सभासद बायकांनी प्रत्येकी दहा रुपये भाग घेतला. अनेकींना सही येत नव्हती. म्हणून पासबुकावर त्यांचा फोटो लावला गेला.