आवाज नव्हे, शब्द ऐकू यावेत



"ऐकू येते, पण समजत नाही," अशी तक्रार अनेक वडीलधारी माणसे करतात. "सोयीचे तेवढे बरोबर ऐकू येते," असे म्हणून घरची मंडळी तिची थट्टा करतात. वस्तुतः वार्धक्यातील श्रवणदोषाचे याहून अचूक वर्णन सापडणे कठीण.

वयोमानानुसार कानाच्या आतील भागातील सूक्ष्म श्रवणपेशी क्षीण होतात व प्रथम वरच्या पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीचे व जोरकस असल्याने कानी पडतात. परंतु 'स', 'श' यांसारखी वरच्या पट्टीची, हलकी व्यंजने गळून जातात. 'साठ'मधील 'स' निसटला की उरतो 'आठ'! ओरडून बोलण्यानेही मुख्यतः स्वरच मोठे होतात. निसटलेला 'स' परत येत नाही.

श्रवणयंत्राचे खरे कार्य येथेच आहे. यंत्रातील मायक्रोफोन ध्वनी टिपतो, वर्धक तो वाढवितो आणि कानापाशी तो पुन्हा ध्वनिरूपाने पोहोचतो. श्रवणचाचणीत ज्या पट्टीत उणीव आढळते, त्या पट्टीतील ध्वनी आधुनिक यंत्रात अधिक वाढविता येतात. म्हणूनच प्रथम कानाची वैद्यकीय तपासणी, नंतर श्रवणतज्ज्ञाकडून चाचणी आणि मगच यंत्र, हा क्रम पाळावा. शेजाऱ्याचे यंत्र उसने घेऊन लाभ होत नाही.

यंत्र मिळाल्यावर अनेकांची निराशा होते. भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, स्वतःचाच आवाज नकोसा वाटतो आणि यंत्र फडताळात जाते. मेंदूला विसरलेल्या ध्वनींची सवय होण्यास काही आठवडे लागतात. आरंभी शांत खोलीत थोडा वेळ, मग क्रमाक्रमाने अधिक वेळ यंत्र वापरावे. त्रास होत राहिल्यास यंत्राची जुळणी पुन्हा करून घ्यावी.

यंत्रालाही मर्यादा आहेत. गोंगाट व अंतर वाढले की त्याचा उपयोग घटतो. तेव्हा बोलणाऱ्याने जवळ यावे, चेहऱ्यावर उजेड ठेवावा व सावकाश बोलावे. ग्रामसभेत एका वेळी एकानेच बोलावे. ठराव न समजताच हात वर करणारा वृद्ध सभेत उपस्थित असूनही सहभागी नसतो. औषधाची मात्रा चुकीची ऐकली गेली, तर जिवावरही बेतू शकते.

मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे. केंद्र शासनाच्या ॲडिप योजनेतून पात्र दिव्यांगांना, तर २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून पात्र ज्येष्ठ नागरिकांना श्रवणयंत्रे दिली जातात. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी अशा व्यक्तींची नोंद घेऊन त्यांना चाचणीपर्यंत पोहोचवावे आणि महिन्याभराने यंत्र कानात आहे की फडताळात, याचीही विचारपूस करावी. यंत्राचे वाटप झाले म्हणजे कार्य संपले असे नव्हे. आजोबांना 'साठ' हा शब्द 'साठ' असाच ऐकू आला, म्हणजे ते सफल झाले.