डिस्क गोल्फ : एका नवशिक्याचे मनोगत

(हीरकमहोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



लखनौच्या अमीनाबादेत माझे वास्तव्य आहे. त्या बाजारपेठेत पाऊल टाकायला जागा नाही, तेथे चकती कोठे फेकणार? म्हणून रविवारी पहाटे आम्ही चौघे गोमतीकाठ गाठतो. साठी उलटल्यावर मी शिकू लागलेला हा खेळ म्हणजे डिस्क गोल्फ.

चकती जेथे पडेल तेथून पुढची फेक करायची. खांबावरच्या साखळ्यांना अडून ती खालच्या टोपलीत पडली की तो टप्पा संपला. ज्याला कमीत कमी फेकी लागल्या, तो विजयी. अमेरिकेतील एड हेड्रिक यांनी ही टोपली १९७०च्या दशकात घडविली; तत्पूर्वी झाडे आणि खांब हीच लक्ष्ये असत. आमचे लक्ष्य अद्याप एक कडुनिंबच आहे!

उजव्या हाताने छातीसमोरून फेकलेली चकती वेग मंदावताच डावीकडे कलते. नवशिक्या चिडून जोर लावतो आणि ती अधिकच भरकटते.

आमच्या वेळी क्रिकेटसाठी अकरांची निवड होई. उरलेले आम्ही सीमारेषेबाहेर टाळ्या वाजवीत असू. या खेळात राखीव गडी नसतो. संस्थाचालकांना माझी विनंती आहे की, मैदानाच्या कडेला तीन खांब रोवावेत. सायकलच्या जुन्या चाकाची कडी आणि लोखंडी साखळी एवढ्यावर टोपली तयार होते. समोरची वाट मोकळी असल्याखेरीज फेक नाही, हा नियम मात्र मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावा. तिन्ही टोपल्यांचा खर्च माझ्याकडे.