आमचं वय कुणी विचारलं?

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



आधीचा साथी म्हणाला, दारू पिण्याचं कायदेशीर वय खाली आणा. महाराष्ट्रात कडक दारूला २५, बिअर-वाईनला २१. शेजारच्या गोव्यात १८. १९८९ पासून अठराव्या वर्षी मत देता येतं, पोराला एकविसाव्या वर्षी लग्न करता येतं. म्हणजे सरकार पाडता येतं, संसार मांडता येतो, फक्त ग्लास उचलता येत नाही. मुद्दा बिनतोड आहे. मी तेवीस वर्षांचा. गोदीत बोटीच्या पोटात उतरून पोलादाच्या कॉइलींना साखळ्या लावतो. तिथं कायद्यानं मी पुरता माणूस. पाळी सुटली की व्हिस्कीपुरता अजून दोन वर्षं पोर.

पण मला सांगा, देशीच्या गुत्त्यावर तुमच्यापैकी कुणाला आजवर वय विचारलंय? हात वर करा.

बघा. एकही नाही.

मी नऊ वर्षांचा होतो. बाप पाळी करून यायचा, अंग मोडलेलं. माझ्या हातात पिशवी अन् पैसे द्यायचा. काउंटर माझ्या डोक्याच्या वर. टाचा उचलून नोट सरकवायचो, वरून एक हात यायचा, नोट जायची, क्वार्टर यायची. नोट कुणाच्या हातात आहे ते त्या हातवाल्यानं कधी वाकून बघितलं नाही. बाटली दिसू नये म्हणून कागदात गुंडाळायची; गणिताच्या वहीची पानं त्यातच संपली. बापाला शिव्या द्यायला मी इथं उभा नाही. त्याच्या पाठीवर काय होतं ते माझ्या पाठीवर आल्यावर कळलं.

वय विचारायला दरवाजा लागतो, दरवाज्यावर दरवान लागतो. पेपरात अठरा की एकवीस की पंचवीस हे भांडण चाललंय ते दरवाजेवाल्यांचं.

कुणी म्हणेल, सरळ बंदच करा. १९४९ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात बंदी आणून झाली. काय झालं? ज्याच्या प्रकृतीला दारू लागते त्याला परवाना. शेटची प्रकृती नाजूक अन् हमालाची दणकट! वस्तीत हातभट्ट्या पेटल्या, मागनं हप्ते. परवान्याचा कागद अजून आहे. देशीसाठी एका दिवसाचा दोन रुपयांना मिळतो. बघितलाय कधी? मीही नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीच्या लक्ष्मीनगरात विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. दारूत मिथेनॉल होतं. ते पोटात गेलं की त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, डोळे जातात, मग माणूस जातो. रोजंदारीची माणसं, स्वस्त मिळाली म्हणून प्याली.

आणि सरकार? १९२७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात हिशोब मांडला होता: शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च, अन् अबकारीतून माणशी दोन रुपयांवर वसुली. निदान जेवढं दारूतून घेता तेवढं तरी शिक्षणावर घाला, एवढीच मागणी. जून २०२५ मध्ये राज्यानं दारूवरचा कर वाढवला, त्यातून १४,००० कोटी जादा येणार म्हणाले. देशीची क्वार्टर ८० रुपयांवर नेली. आपल्या वस्तीतून रोज किती क्वार्टर जातात ते मोजा, मग पालिकेच्या शाळेचं छप्पर बघून या.

तर माझं म्हणणं. कडक दारूलाही २१ करा, हरकत नाही. पंचविसाचा आकडा खोटा आहे, अन् खोट्या आकड्यावर हप्ताच पिकतो. अठराला मात्र माझा विरोध. आपल्या पोरांना पहिली हजेरी त्याच वयात लागते. पहिला पगार हातात येतो, मुकादम स्वतः गुत्त्यावर नेतो, अन् दुसऱ्या पगाराला पोरगं आपणहून जातं. माझ्या टोळीत डोळ्यांनी बघितलंय. मीही गेलो होतो. ती तीन वर्षं पोराला मिळाली पाहिजेत. अन् वयाची तपासणी आधी देशीच्या काउंटरवर, मग बारच्या दारात.

कोर्टकचेरी होईल तेव्हा होईल. येत्या पगाराच्या दिवशी संध्याकाळी सहा ते नऊ आपण चौघं-चौघं गुत्त्यासमोर उभं राहायचं. शिवी नाही, हात उचलायचा नाही. पोरगं पिशवी घेऊन आलं की मालकाला एवढंच विचारायचं, याचं वय किती? आणि पोराला घरी सोडून यायचं. बाप चिडला तर त्याच्यापाशी बसायचं.

वही माझ्याकडं आहे. नावं लिहा.