नाव घेतलं नाही, तर आजार कळत नाही का?

इअरफोन लावलेत ना? आज जायचंय ग्रीसला, पण सुरुवात आपल्याच एका शब्दापासून करू. कर्करोग.

कर्क म्हणजे खेकडा. हा खेकडा इथे आला कुठून? साधारण २४०० वर्षांपूर्वी हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी काही गाठींना ‘कार्किनोस’ म्हटलं. कार्किनोस म्हणजे खेकडा. गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात म्हणून, असं सांगतात. त्याचंच लॅटिनमध्ये झालं ‘कॅन्सर’, आणि आपल्याकडे कर्करोग.

आता गंमत बघा. ज्या भाषेने जगाला हे नाव दिलं, त्याच भाषेत अनेक जण ते उच्चारत नाहीत. जुनी माणसं म्हणतात ‘काक्या आरोस्तिया’, वाईट आजार. निधनाच्या बातम्यांमध्ये यायचं ‘एपाराती नोसोस’, म्हणजे शापित आजार.

यामागे एक समजूत आहे: वाईटाचं नाव घेतलं की ते जवळ येतं. तिकडे दृष्टही लागते बरं का! दृष्टीला ते म्हणतात ‘माती’, म्हणजे डोळा. डोकं दुखतंय, सारख्या जांभया येतायत? मग घरातली जाणती बाई पाण्यात तेलाचे थेंब सोडते आणि हळू आवाजात प्रार्थना म्हणते. तेल पाण्यात पसरलं की दृष्ट पक्की. बाळाच्या कपड्यांना निळा मणी लावतात. दृष्टीवर तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचीही प्रार्थना आहे. आपल्या मीठ-मोहरीची आठवण झाली ना?

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, डॉक्टर नाही. पण मला यात एक फरक स्पष्ट दिसतो. पेशंटच्या उशाशी निळा मणी असला आणि सलाईनही चालू असलं, तर कुणाचंच काही बिघडत नाही. उलट धीरच येतो. न बोलण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे.

ग्रीसमध्ये वर्षानुवर्षं पद्धत अशी होती: रिपोर्ट आला की डॉक्टर आधी नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगणार. मग घरचे म्हणणार, “त्यांना सांगू नका, खचतील.” यात कपट नसतं, माया असते. आशा गेली तर माणूस लवकर जाईल, ही खरी भीती असते. आणि या वागण्याला जुना आधारही आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांमधल्या एकात वैद्याला सल्लाच दिलाय की उपचार करताना बहुतेक गोष्टी रोग्यापासून लपवाव्यात.

पण याची किंमत कोण मोजतं? पेशंट. केमो घ्यायची की नाही, हे तो ठरवू शकत नाही. मृत्युपत्र करायचं राहतं, कुणाशी अबोला असेल तर तो मिटवायचा राहतो. अनेकदा त्याला सगळं कळलेलं असतं. तो घरच्यांसाठी नाटक करतो, घरचे त्याच्यासाठी. एकाच खोलीत सगळे, आणि प्रत्येक जण एकटा!

२००५ मध्ये ग्रीसने वैद्यकीय आचारसंहितेचा कायदा केला, क्रमांक ३४१८. त्यात स्पष्ट म्हटलंय, पेशंटला खरं सांगणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे. आणि पुढची गोष्ट मला फार आवडली. एखाद्याला जाणून घ्यायचंच नसेल, तर तोही त्याचा हक्क. तो सांगू शकतो, “मला नको, माझ्या मुलीला सांगा.”

म्हणजे काय, तर शांत राहायलाही जागा आहे, फक्त ते पेशंटने निवडलेलं हवं. आमच्या कामात म्हणतात ना, डेटा ज्याचा, परवानगी त्याची. अगदी तसंच.

कायदा झाला म्हणून सवय एका रात्रीत बदलत नाही, तिथेही नाही आणि इथेही नाही. “पेशंटला सांगू नका” हे वाक्य आपल्याकडच्या दवाखान्यांतही ऐकू येतंच की. म्हणून एक काम सांगतो. घरी सगळे ठणठणीत असतानाच आई-बाबांना, आजी-आजोबांना विचारा: “उद्या काही मोठं दुखणं निघालं, तर तुम्हाला सगळं कळायला हवंय का? की कुणा एकाला सांगितलेलं चालेल?”

“शुभ बोल रे नाऱ्या” असं ऐकून घ्यावं लागेल कदाचित. ऐका, हसा आणि पुन्हा विचारा. उत्तर काहीही येवो, ते त्यांचं असेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!