मापात पाप आणि वर्गातली पट्टी

(शिक्षक-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. धान्य देताना एक माप आणि परत घेताना दुसरे, हा सावकारीचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. शेर, पायली, मण ही नावे सर्वत्र तीच. परंतु मण किती पायल्यांचा, याचे उत्तर मुलखागणिक बदलत असे. या गोंधळाचा लाभ ज्याच्या हाती माप, त्यालाच होई. फ्रान्समध्येही १७८९ च्या क्रांतीच्या तोंडावर खेड्यापाड्यांतून ज्या तक्रारी गेल्या, त्यांत जमीनदारांच्या मापांविषयीचे गाऱ्हाणे होते. मीटर आणि ग्रॅम यांना १७९५ साली कायद्याचे रूप मिळाले ते त्या क्रांतीच्या पोटीच. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापे स्वीकारली गेली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने व्यवहारात आली. माप एक झाले. परंतु ते सर्वांच्या हाती येणे ही निराळी गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात प्राथमिक शाळेतच व्हावी लागते.

तेथे काय घडते? शंभर सेंटीमीटरचा मीटर आणि हजार ग्रॅमचा किलोग्रॅम ही कोष्टके मुले तालासुरात म्हणतात. त्यावरील गणितेही बिनचूक सोडवतात. मात्र वर्गाचे दार किती उंच, असे विचारले की वाटेल ते उत्तर येते. हाती पट्टी दिली, तर अनेक मुले शून्याऐवजी एकच्या खुणेपासून मोजू लागतात आणि पाच सेंटीमीटरची काडी सहाची ठरते. हा दोष मुलांच्या बुद्धीचा नाही. पट्टीवर खुणांमधील अंतर मोजायचे असते, हे त्यांना स्वतःच्या हातांनी अनुभवू दिलेले नसते. रुंद भांड्यातले पाणी उंच पेल्यात ओतले की ते वाढले, असे लहान मुलाला वाटते, हे ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिले. असे मूल कोष्टक पाठ करून शहाणे होत नाही. त्याला पुन्हा पुन्हा ओतून पाहू द्यावे लागते.

याला फारसा खर्च लागत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना फळा वितीने मोजू द्यावा. कोणाच्या अकरा विती भरतील, कोणाच्या तेरा, गुरुजींच्या आठच. मग ‘खरे कोणाचे?’ असे भांडण होईल, आणि ते होऊ द्यावे. सर्वांना मान्य असे एक माप का हवे, हे त्या भांडणातूनच उमगते. त्यानंतर मीटरची काठी आणावी, सुतळी आणावी, करवंट्यांचा तराजू करावा, चिंचोके ही वजने मानावी, किलोभर वाळूची पिशवी प्रत्येकाच्या हातात देऊन पाहावी.

याहून महत्त्वाची एक शिस्त आहे. प्रत्येक मापनापूर्वी मुलाने आपला अंदाज लिहून ठेवावा, मग मोजावे, मग दोहोंतला फरक काढावा. शिक्षकाने ‘चूक’ असा शेरा मारू नये. ‘फरक किती पडला?’ एवढेच विचारावे. सरावाने तो फरक कमी होत जातो. ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ वेगळे आणि हा अंदाज वेगळा. आपली वीत किती सेंटीमीटरची, किती पावलांत दहा मीटर होतात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याजवळ माप सदैव असते.

याची किंमत श्रमिकांनी जाणली आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे निघाली. पुढे १९७७ चा कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या कामांवर मजुरी खोदलेल्या मातीच्या मोजमापावर ठरे. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल खड्डा म्हणजे तीन घनमीटर माती. नोंदवहीत खोली पन्नासऐवजी चाळीस सेंटीमीटर लिहिली गेली, तर माती २.४ घनमीटर होते आणि मजुरीचा पाचवा हिस्सा बुडतो. दहा सेंटीमीटर म्हणजे साधारण अर्धी वीत! ऊसतोडणी कामगाराची मजुरीही टनावर ठरते, आणि काटा त्याच्या ताब्यात नसतो. गाडीत किती ऊस भरला, याचा अंदाज ज्याला नाही, त्याने काट्यावरचा आकडा निमूटपणे मान्य करावयाचा.

कोणी म्हणेल, नुसत्या अंदाजाने काटा दुरुस्त होत नाही. त्यासाठी संघटना लागते. ते खरेच आहे. परंतु संघटनेलाही ‘हा आकडा जुळत नाही’ असे म्हणणारा पहिला माणूस लागतो. तो माणूस तिसरीच्या वर्गात घडतो किंवा तेथेच गप्प बसायला शिकतो. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे असे मागितले. कष्टकऱ्याच्या मुलाला व्यवहारात कोणी फसवू नये, ही त्यामागची तळमळ होती.

अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत अंदाजाला वेळ कोठून आणावा, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. परीक्षेत एकच बिनचूक उत्तर मागितले जाते, हेही खरे. म्हणूनच बालवाड्या आणि वस्तीतल्या अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे काम प्रथम अंगावर घ्यावे. आठवड्यातला एक तास, एक काठी, एक सुतळी आणि करवंट्यांचा एक तराजू एवढे भांडवल पुरेसे आहे. मुलांच्या वह्यांत ‘अंदाज’, ‘माप’ आणि ‘फरक’ असे तीन रकाने आखून द्यावेत. उद्या ही मुले बाजारात, कामावर आणि काट्यापुढे उभी राहतील, तेव्हा तिसरा रकाना ती आपणहून भरतील.