गरिबाच्या पैशाला जागणारा माल

पूर्व आफ्रिकेतून मुद्दाम आलेले पाहुणे आणि गावोगावच्या औद्योगिक वसाहतींतून आलेल्या उद्योजक बंधू-भगिनींनो,

जेवणाची व्यवस्था कोल्हापूरला साजेशी आहे, एवढेच सांगतो. जास्त बोललो तर पहिल्या सत्राला कोणी बसायचे नाही.

आता मुद्द्याचे बोलतो. परदेशातल्या गरीब गिऱ्हाइकाला माल विकायचा म्हटले, की आपल्यातले बरेच जण आधी पत्रा पातळ करायला निघतात. दर उतरतो, आणि पहिल्याच हंगामात नावही उतरते. म्हणून पायाने चालवायच्या पाणीपंपाचे उदाहरण देतो. हा पंप बांगलादेशात रुजला. तिथे रान सपाट आणि पाणी वरच. उचलून पाटात सोडले की झाले. केनियात शेत चढावर असले, तर पाणी नुसते उचलून भागत नाही, वर ढकलावे लागते. तिथल्या किकस्टार्ट संस्थेने मग दाबाचा पंप तयार केला. त्याची पॅडल कमी उंचीवर ठेवली, कारण उंचावर चढून चारचौघांत पाय मारणे बायकांना प्रशस्त वाटत नव्हते. वजनही असे ठेवले, की संध्याकाळी पंप उचलून घरी नेता यावा. रात्री रानात ठेवला तर चोरीची भीती! असल्या गोष्टी बांधावर बसल्याशिवाय कळत नाहीत.

गिऱ्हाइकाच्या मनातले ओळखण्याची ही गरज आपल्या मुलखालाही नवी नाही. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, असे शेतकरी म्हणत. त्यांची समजूत पटेपर्यंत नांगर पडून राहिले. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर सर्वसमावेशक नवोन्मेषाचा, म्हणजे गरिबालाही परवडेल अशा दर्जेदार नवनिर्मितीचा आग्रह धरतात, तो मला याच वाटेवरचा वाटतो.

आपल्या छोट्या कारखानदाराचे घोडे मात्र माल तयार झाल्यावर अडते. केनियातल्या मोम्बासा बंदरात कंटेनर उतरला. पण वर्षभराने वायसर झिजला, तर तो तालुक्याच्या दुकानात मिळणार का? मिळणार नसेल, तर यंत्र पाठवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. येणे बुडाले तर काय, ही दुसरी धास्ती. त्यासाठी ‘ईसीजीसी’ या सरकारी कंपनीचा निर्यात पतविमा १९५७ पासून आहे. तो किती जणांनी उतरवला आहे, हे हात वर करून सांगा असे मी म्हणणार नाही.

पाहुण्यांना विनंती, की आमच्या यंत्रांतले दोष इथेच, तोंडावर सांगा. आणि उद्योजक मित्रांनो, ते बोलत असताना दरपत्रक पिशवीतच राहू द्या.